नाव फोडून सांगणाऱ्या बाई

"अगं, चिकटवू नकोस ते. लोक वाफेवर उघडतात."

लॅबमध्ये नोकरीला लागले त्या दिवशी बाई माझ्याशी बोलल्या त्या एवढंच. मी टेक्निशियनचा कोर्स करून ताजी बाहेर पडलेली. रिपोर्टच्या पाकिटांना डिंक लावत बसले होते. जिथे शिकाऊ म्हणून काम केलं होतं तिथे पाकीट बंद करायचं, वर 'फक्त डॉक्टरांसाठी' असा शिक्का मारायचा आणि मगच पेशंटच्या हातात द्यायचं, अशी पद्धत होती. बाईंनी माझ्यासमोरची डिंकाची बाटली उचलली आणि कपाटाच्या मागे नेऊन ठेवली. ती तिथेच वाळून दगड झाली.

बाईंचं खरंच होतं. तुमच्याही घरी हे झालं असेल, उगीच नाही म्हणू नका. पेशंटने रिपोर्ट वाचायचा नाही हा त्या काळातला डॉक्टरांचा रिवाज, आणि तो वाचायचाच हा घरोघरचा. चहाच्या आधणावर पाकीट धरायचं, कागद अलगद काढायचा आणि बिल्डिंगमध्ये ज्याला इंग्रजी येतं त्याच्याकडे धावायचं. तो कुठल्यातरी बँकेत कारकून, नाहीतर शिकवण्या घेणारा. त्याला अक्षरं लागायची, अर्थ कुठला लागायला. तो तोंड पाडून म्हणायचा, "काहीतरी सीरियस दिसतंय." झालं. संध्याकाळपर्यंत अख्ख्या मजल्यावर रडारड.

यावर बाईंचा उपाय साधा होता. पाकीट उघडं द्यायचं, पण त्याआधी माणसाला समोरच्या बाकावर बसवायचं आणि कागदावरच्या नावाचा अर्थ सांगायचा. बाई पॅथॉलॉजिस्ट होत्या, लॅबच्या मालकीणही त्याच. घाटकोपर पश्चिमेला स्टेशनपासून जवळच पहिल्या मजल्यावर आमची लॅब, आणि खाली भांड्यांचं दुकान. दिवसभर डब्यांचा खणखणाट. त्यावरून आपलं बोलणं पोचावं म्हणून बाईंना मोठ्याने बोलायची सवय लागली होती, की मुळातच आवाज तसा होता, देव जाणे. पन्नाशीच्या, किडकिडीत, सुती साडीवर पांढरा कोट. सांगायला बसल्या की चष्मा काढून कोटाच्या खिशात टाकायच्या. मग म्हणायच्या, "नुसतं नाव ऐकून हातपाय गाळू नका. नाव फोडून बघा आत काय आहे ते."

आणि खरंच नारळ फोडावा तसं नाव फोडायच्या. "मलेरिया. माल म्हणजे वाईट, आरिया म्हणजे हवा. वाईट हवेने होतो असं वाटायचं तेव्हा त्या लोकांना. हवा बिचारी काय करणार? डास चावतो तुम्हाला. हे नाव खोटारडं आहे. मच्छरदाणी लावा." "अ‍ॅनिमिया म्हणजे रक्त नाही. आता रक्तच नसतं तर तुम्ही माझा जिना चढून आला असता का? हेही खोटारडं. रक्त आहे, लोह कमी आहे. गोळ्या घ्या, पालेभाजी खा." नावांचे त्यांनी दोन गट पाडले होते, खरी आणि खोटी. एखाद्या शिक्षिकेने वर्गातली पोरं ओळखावीत तशी त्यांना ती ओळखू यायची.

खालच्या भांड्यांच्या दुकानाचे शेठ आमचे पेशंट. त्यांना बाईंनी डायबेटीस फोडून सांगितला. "वाहून जातं, आणि मधासारखं गोड वाहतं. आपल्याकडे मधुमेह म्हणतात तेच. हे नाव खरं आहे." शेठ इतके खूश झाले की महिनाभर गिऱ्हाइकांना सांगत सुटले, माझ्यात मध आहे. पथ्य मात्र काडीचं पाळलं नाही. मी बाईंना म्हटलं, "काय उपयोग झाला?" त्या म्हणाल्या, "घाबरला नाही ना? घाबरलेला माणूस पुन्हा तपासणीला येत नाही. हा दर महिन्याला येतोय."

हा हट्ट कुठून आला असेल, असं माझ्या मनात यायचं. एकदा दुपारी डबा खाताना त्यांनीच सांगितलं. त्या लहान असताना त्यांची आई आजारी पडली. घरात त्या आजाराचं नाव कोणी घेत नसे. 'तिला ते झालंय' असं म्हणायचे आणि पोरांना खोलीबाहेर काढायचे. आई गेली. "मला वाटायचं, मी काहीतरी केलं म्हणून तिला ते झालं. डॉक्टरकीला गेले तेव्हा एका पुस्तकात सगळी लक्षणं वाचली आणि कळलं, क्षय होता. साधा क्षय." एवढं बोलून त्यांनी डब्याचं झाकण लावलं आणि मला विचारलं, "ते युरिन झालं का गं?"

आता वैजूची गोष्ट सांगते.

ऐंशीनंतरचं एखादं वर्ष असेल. भांडुपहून एक जोडपं सहाएक वर्षांच्या मुलीला घेऊन आलं. वडील विक्रोळीच्या एका कारखान्यात फिटर. आई पंचविशीची, मालवणकडची, म्हणजे आमच्याच मुलखातली. बोलायला लागली तसं मी ओळखलं. मुलगी बापाच्या खांद्यावर, पांढरीफटक, पायांवर काळेनिळे डाग. महिनाभर ताप येत-जात होता. त्यांच्या डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलं होतं.

रक्त मीच काढलं. काचेवर पसरवून, रंगवून बाईंच्या पुढ्यात ठेवलं. बाई मायक्रोस्कोपवर वाकल्या आणि बराच वेळ वर आल्याच नाहीत. मग मला म्हणाल्या, "तूही बघ." मी बघितलं. एरवी इथेतिथे एखादी दिसणारी मोठी जांभळी पेशी, तिथे ठासून भरलेल्या. सगळ्या एकसारख्या, कच्च्या. मी कॉलेजात चित्रं पाहिली होती, पण चित्राला बाकावर बसलेली आई नसते.

"त्यांना आत बोलव," बाई म्हणाल्या. "दोघांनाही."

डॉक्टर लोकांचा तेव्हाचा नियम असा, की आईला सांगायचं नाही. फार तर बापाला बाजूला घेऊन हळूच सांगायचं. बाईंनी दोघांना बसवलं, चष्मा काढला. बापाने आधीच कुठूनतरी ऐकलं असावं. तो म्हणाला, "डॉक्टर, ब्लड कॅन्सर आहे का?" त्या काळात हा शब्द लोकांना ठाऊक होता तो सिनेमातून. हिरो खोकायचा, रुमाल बघायचा, एक गाणं म्हणायचा आणि जायचा. बापाच्या चेहऱ्यावर तेच शेवटचं रीळ चालू होतं.

"कॅन्सर म्हणजे खेकडा," बाई म्हणाल्या.

वैजूची आई माझ्याकडे वळली. "म्हणजे कुर्ली?"

"हो, कुर्लीच," मी म्हटलं.

"कुर्लीक कोण भियता?" ती म्हणाली. आमच्याकडे कुर्ली म्हणजे रविवारचं कालवण. खोलीत एक क्षण असा गेला की हसावं की रडावं कुणालाच कळेना. बाई मात्र हसल्या. "बरोबर बोललीस. पण तिच्या आजाराचं नाव ते नाहीच. तिच्या आजाराचं नाव ल्युकेमिया. ल्युकोस म्हणजे पांढरं, हायमा म्हणजे रक्त. ग्रीक लोकांची भाषा. पांढरं रक्त, एवढाच अर्थ. या नावात मरण कुठेही नाही. रक्तातल्या पांढऱ्या पेशी भरमसाट वाढल्यात. लहान मुलांत यावर आता औषध आहे. लांबलचक आहे, त्रासाचं आहे, आणि सगळीच मुलं बरी होतात असं मी म्हणणार नाही. पण होतात. उद्या सकाळी परळला जायचं. मी चिठ्ठी देते."

परळच्या मोठ्या हॉस्पिटलात बाईंच्या वर्गातले एक डॉक्टर होते. चिठ्ठी देऊन त्या थांबल्या नाहीत, रिक्षात बसवेपर्यंत खाली गेल्या. वर आल्यावर मला म्हणाल्या, "हा बाप आज रात्री पोरीला घेऊन गावाला पळाला असता. ब्लड कॅन्सर ऐकून निम्मे तेच करतात. आता नाही जाणार."

तो गेला नाही. उपचार सुरू झाले. पाठीत इंजेक्शनं, गोळ्या, उलट्या. वैजूचे केस गेले. दर वेळी परळला हेलपाटा नको म्हणून रक्ताची साधी मोजणी आमच्याकडे व्हायची. आठवड्याला एकदा आई तिला घेऊन जिना चढायची. बोटाला सुई टोचली की वैजू शिव्या द्यायची, अगदी भांडुपच्या अस्सल. बाई म्हणायच्या, "देऊ दे. शिव्या देण्याइतका दम आहे ना अंगात."

पहिले दोन-तीन महिने बरे गेले. कच्च्या पेशी दिसेनाशा झाल्या. बाईंची कॉलर ताठ. आणि मग पोरगी वाळायला लागली. औषधाने तोंड आलेलं असतं हे ठाऊक होतं, तरी हे वाळणं वेगळं होतं. मांड्या काठीसारख्या झाल्या. परळच्या डॉक्टरांनी सांगितलं, वजन असंच उतरलं तर पुढचा डोस देता येणार नाही, शरीर पेलणार नाही. बापाने त्याचा अर्थ आपल्या परीने लावला. तो एकटाच आमच्याकडे आला आणि उभ्या उभ्या म्हणाला, "बाई, डॉक्टरांनीच हात टेकले. मी तिला गावाला नेतो. आजीजवळ तरी राहील."

बाई कधी नव्हे त्या चिडल्या. "डोस थांबवतो म्हणाले, उपचार थांबवतो नाही म्हणाले. मला आधी पोरगी दाखवा. मग कुठे न्यायची तिथे न्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी आई वैजूला घेऊन आली. मी सुई टोचायला तिचा हात हातात घेतला तर बोटं लालगुलाबी. नखांच्या कडाही. मला वाटलं मेंदी. बाईंनी तो हात उजेडात धरला, वास घेतला.

"बीट?"

"हो," वैजू म्हणाली. "सकाळी बीट, दुपारी बीट, रात्री बीट. मला नाय आवडत. तोंडात झोंबतं."

"बीट झोंबत नाही गं."

"त्याच्यावर सोलकढीचं आगळ घालते आई. नारळ नाय घालत. नुसतं लाल पाणी."

बाईंनी हळूहळू सगळं काढून घेतलं. बीट, टोमॅटो, कलिंगड, लाल माठ, आणि आगळ म्हणजे कोकमाचा आंबट अर्क. तोंड आलेल्या पोरीला तो आंबट अर्क. भात फक्त उकड्या तांदळाचा, कारण तो लालसर असतो, आणि तोही चार घास. दूध बंद. पेज बंद. अंडं बंद. खोबरं बंद. मालवणी घरात खोबरं बंद, विचार करा.

"का गं?" बाईंनी आईला विचारलं.

आई गोंधळली. तिला वाटत होतं बाईंना हे ठाऊकच असणार. मग माझ्याकडे बघून आमच्या बोलीत म्हणाली, "बाईनीच सांगल्यांनी ना, रगात पांढरा झाला म्हणान. मगे पांढरा कसा घालू खाऊक? मी पांढरा सगळा बंद केलंय. लाल घालतंय, रगात लाल होवंदेत म्हणान."

मी भाषांतर केलं नाही. गरजच नव्हती. बाईंना सगळं कळलं होतं. त्यांचा चेहरा असा झालेला मी त्याआधी पाहिला नव्हता, नंतरही नाही. वैजूची आई काही आळशी नव्हती, वेंधळी नव्हती. रोज पहाटे उठून बाजारात जाऊन पोरीसाठी लाल वस्तू हुडकत होती. स्वतःही पांढरं तोंडात घालत नव्हती, पोरीला नाही तर मला कशाला म्हणून. आणि ते सगळं बाईंच्या एका वाक्यावर.

बाई उठल्या. मला म्हणाल्या, "हिच्या आईचं रक्त काढ. नळीत घे."

"माजा?" आई दचकली. "माका कित्याक?"

"तुला दाखवायचंय काहीतरी."

मी तिचं रक्त काढलं, मग वैजूचं. वैजूने यथासांग शिव्या दिल्या. दोन्ही नळ्या मशीनमध्ये घालून फिरवल्या. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. रक्त असं जोरात फिरवलं की त्याचे थर होतात. खाली जड लाल, वर पिवळं पाणी, आणि दोघांच्या मधे एक पातळसा पांढुरका पापुद्रा. त्या पापुद्र्यात पांढऱ्या पेशी असतात. बाईंनी आईची नळी खिडकीशी धरली.

"हे तुझं रक्त. मधे काय दिसतं?"

आईने डोळे बारीक केले. खूप वेळाने म्हणाली, "पांढरा."

"तुला काही झालंय का?"

"नाय."

"माझ्यातही आहे. हिच्यातही आहे," माझ्याकडे बोट. "प्रत्येकात असतं. पांढरं म्हणजे वाईट नाही. ते आपले राखणदार. आता पोरीची नळी बघ." वैजूच्या नळीत तो पापुद्रा जवळजवळ नव्हताच. "औषधाने वाईट मारलं, त्याबरोबर चांगलंही गेलं. तुझ्यापेक्षा हिच्यात पांढरं कमी आहे आज. आता तिला चांगलं पांढरं नव्याने बनवायचंय. ते हवेतून नाही बनत. दूध, पेज, भात, अंडं यातून बनतं."

आई दोन नळ्यांकडे आळीपाळीने बघत राहिली. मग म्हणाली, "मगे नाव असा कित्याक ठेवल्यांनी?"

आणि बाई खाली बसल्या आणि तिला सगळं सांगितलं. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी जर्मनीत एक तरुण डॉक्टर होता. एक बाई दगावली होती. तिचं रक्त त्याने बघितलं तर लालऐवजी पांढुरकं, दाट. तेव्हाचे मोठमोठे लोक म्हणत होते, रक्तात पू झालाय. हा म्हणाला, पू दिसत नाही मला. का झालं ते मला ठाऊक नाही, ठाऊक नाही तर मी कारण चिकटवणार नाही. मला पांढरं रक्त दिसलं, मी पांढरं रक्त एवढंच म्हणेन. आधी आपल्या भाषेत म्हणाला, मग डॉक्टरांच्या रीतीप्रमाणे ग्रीकमध्ये घातलं.

"म्हणून मला हे नाव आवडतं," बाई म्हणाल्या. "खरं बोलतं. दिसलं तेवढंच बोलतं. पण काय खायचं, काय करायचं, हे ते सांगत नाही. ते मी सांगायला हवं होतं. मी तुला अर्धं सांगून पाठवलं. चूक माझी आहे."

आईने पदर तोंडाला लावला. "पोराक उपाशी ठेवलंय मी," एवढंच तिच्या तोंडून येत होतं. बाई म्हणाल्या, "तू नाही, मी ठेवलं. आता रडू नकोस, घरी जाऊन पेज टाक." आणि खाली शेठकडे निरोप पाठवून वैजूसाठी समोरच्या हॉटेलातून ग्लासभर दूध मागवलं. वैजूने ते आमच्यासमोर एका दमात संपवलं. वरच्या ओठावर सायीची मिशी. बाई तिच्याकडे बघत होत्या आणि मी बाईंकडे.

त्यानंतर बाईंच्या पद्धतीत एक भर पडली. नाव फोडून सांगितलं की चष्मा परत चढवायच्या आणि विचारायच्या, "आता मला सांगा, घरी गेल्यावर काय करणार?" माणूस जे सांगेल ते पूर्ण ऐकल्याशिवाय त्याला उठू द्यायच्या नाहीत. काय काय ऐकायला मिळायचं म्हणून सांगू. एकेकाचा अर्थ ऐकून आम्हाला घाम फुटायचा. रांग जिन्यापर्यंत जायची, लोक कुरकुरायचे. बाई ढिम्म.

वैजूचं वजन भरलं. डोस पुन्हा सुरू झाला. बाप गावाला न्यायचं विसरला. केस परत आले ते कुरळे. पुढे दोन-अडीच वर्षांनी औषधं बंद झाली आणि आठवड्याऐवजी चार-सहा महिन्यांनी येणं सुरू झालं. आणि इथून वैजूची आई आणि बाई यांचं भांडण सुरू झालं.

भांडण म्हणजे असं. आईने पोरीच्या आजारपणात गावच्या देवीला नवस बोलला होता, चेडू बरा झाला की तुझी ओटी भरीन, पाचजणींना जेवू घालीन. आमच्यात मुलीला चेडू म्हणतात. आता नवस फेडायचा तर पोरगी बरी झाली असं आधी कोणीतरी म्हणायला हवं ना. आणि ते म्हणायचा अधिकार तिच्या मते एकट्या बाईंना.

"बाई, बरा झाला मा माझा चेडू?" दर वेळी विचारायची.

"आज एकही कच्ची पेशी दिसली नाही," बाईंचं दर वेळचं उत्तर.

"म्हणजे बरा झाला."

"म्हणजे आज दिसली नाही. औषध थांबल्यावर पाच वर्षं कोरी गेली तर मी म्हणेन बरी झाली. त्याआधी नाही."

"देवीक काय सांगू मगे?"

"हेच सांग. आज दिसली नाही."

"देवी असा ऐकत नाय," आई म्हणायची. "बरा झाला नसताना ओटी भरलंय तर खोटा होता. देवीकडे खोटा कसा बोलू?"

"मग मी तुझ्याशी खोटं कशी बोलू?" बाई म्हणायच्या. वैजू या भांडणाला नसायचीच, सुई टोचून झाली की ती खाली शेठच्या दुकानात पळायची. दोघी सारख्याच हट्टी. मला सांगाल तर देवीलाही त्या दोघींचं कौतुक वाटलं असेल. मी एकदा बाईंना म्हटलं, "म्हणून टाका हो. काय जातंय? जीवाला शांती मिळेल तिच्या." बाईंनी असं बघितलं की मी मुकाट्याने काचा धुवायला गेले. नंतर म्हणाल्या, "एकदा अर्धं बोलून बसलेय मी तिच्याशी. आता पुरं झाल्याशिवाय बोलणार नाही." म्हणजे ते बीट त्या विसरल्या नव्हत्या.

पण मी त्यांना चोरून बघितलंय. वैजूची काच आली की ती त्या शेवटी ठेवायच्या. सगळी कामं उरकली, लोक गेले, की निवांत बसून कडेपासून कडेपर्यंत बघायच्या. एकदा झालं की पुन्हा. मग खुर्चीत मागे टेकून डोळे मिटायच्या आणि म्हणायच्या, "नाही गं. काही नाही." तो त्यांचा सण असायचा. त्या दिवशी खालून भजी मागवायच्या आणि पैसे स्वतः द्यायच्या.

ती पाच वर्षं पुरी व्हायला वर्षभर राहिलं होतं. एका रविवारी दुपारी बाई जेवून झोपल्या त्या उठल्याच नाहीत. त्यांच्या बहिणीने सोमवारी सकाळी येऊन सांगितलं. झोपेतच हृदय थांबलं. जन्मभर दुसऱ्यांच्या आजारांना नावं सांगत आल्या आणि स्वतः एक नावही पाठीमागे न ठेवता गेल्या. मी आधी मशीनं पुसली, मग काचा पुसल्या, मग सगळ्या बाटल्यांची झाकणं तपासली, आणि मग जिन्यात जाऊन बसले आणि ओक्साबोक्शी रडले. शेठ दुकान सोडून वर आले. तेही शेजारच्या पायरीवर बसून राहिले.

लॅब एका तरुण डॉक्टरांनी घेतली. माणूस चांगला, हुशार, हाताला वेग. शेवटच्या वर्षात वैजूला एकदाच यायचं होतं; पाच वर्षं पुरी झाली तेव्हा ती आणि तिची आई आल्या. वैजू आता आईच्या खांद्याला लागलेली, दोन वेण्या, हातात शिकवणीची पिशवी. सुई टोचली तर तिने साधं हूं केलं नाही.

डॉक्टरांनी काच बघितली, फार तर दोन मिनिटं. "नॉर्मल आहे. पूर्ण बरी आहे. आता यायची गरजही नाही," म्हणाले आणि पुढचा रिपोर्ट ओढला. ज्या शब्दासाठी ही आई इतकी वर्षं झगडली तो तिला असा उभ्या उभ्या मिळाला. मला वाटलं, आता नाचेल. ती बाकावरून हललीच नाही. डॉक्टर फोनवर गेल्यावर माझ्याजवळ आली.

"तू बघलंस?"

"मी टेक्निशियन आहे वहिनी. डॉक्टरांनी सांगितलं ना."

"तेनी चेडवाक आजच बघल्यांनी," ती म्हणाली. "तू पयल्यापासून बघतंस. तू बघ. मी बसतंय."

मी काच घेतली. बाईंसारखीच कडेपासून कडेपर्यंत गेले. सावकाश. लोक खोळंबले, डॉक्टरांनी एकदा वळून पाहिलं. डोळे भरून येत होते ते पुसत होते, कारण भरल्या डोळ्याने मायक्रोस्कोपात काही दिसत नाही. एकदा झालं. पुन्हा सुरुवातीपासून बघितलं. काही नव्हतं. पाच वर्षं कोरी होती.

"वहिनी," मी म्हटलं, "बरा झाला तुमचा चेडू."

हे वाक्य माझं नव्हतं. ज्यांनी इतकी वर्षं ते तोंडातून निघू दिलं नव्हतं त्यांचं होतं, आणि त्या तिथे नव्हत्या. वैजूच्या आईने दोन्ही हात जोडले. मला वाटलं देवीला जोडतेय. पण तिची नजर त्या खुर्चीकडे होती, जिच्यात आता डॉक्टर बसून फोनवर बोलत होते.

"आई, चल ना," वैजू म्हणाली. "माझा क्लास बुडेल."

"अगो, बाईंका नमस्कार कर."

"कोण बाई?" वैजूने इकडेतिकडे पाहिलं. मग आठवल्यासारखं म्हणाली, "त्या सुई टोचायच्या, त्या?"

सुई मी टोचायचे. तिला आठवत नव्हतं. बीट आठवत नव्हतं, आगळ आठवत नव्हतं, ते दूधही नाही. काळीज चिरत गेलं आणि त्याच वेळी इतका आनंद झाला की सांगता येत नाही.

दोघी जिना उतरल्या. मी खिडकीशी गेले. रस्त्यावर वैजू पुढे, भरभर, पिशवी हलवत, आणि आई मागून "हळू जा" म्हणून ओरडतेय. वैजूने मागे वळून बघितलं नाही. गर्दीत वेण्या दिसेनाशा झाल्या तरी मी तिथेच उभी होते. बाई असत्या तर म्हणाल्या असत्या, खिडकी लाव गं, काचांवर धूळ बसते. मी लावली नाही.